हरणीचं वासरू

योगिनीची मुलगी पोटातच गेली, तेव्हा कारणे सांगायला माणसांची रांग लागली. आठवा लागायला थोडेच दिवस राहिले होते. मावससासू फोनवर म्हणाली, ग्रहणात सुपारी कातरली असशील. समोरच्या इमारतीतली बाई म्हणाली, चाकणच्या रस्त्याचे खड्डे आणि ती कंपनीची बस, दुसरं काय होणार. कोणी पपईचे नाव काढले, कोणी दृष्ट लागल्याचे. तिच्या नवऱ्याच्या, गणराजच्या, एका मित्राने तर खोलीचे दार दक्षिणेला आहे हे बोट करून दाखवले. खोली भाड्याची होती, आणि त्याच मजल्यावर, त्याच दिशेच्या दारातून शेजारच्या मिनलची जुळी मुले दिवसभर दणदण आत-बाहेर करत होती. योगिनीने त्याला तसे सांगितले.

"वहिनी, प्रत्येकाला वेगळं लागू होतं," तो म्हणाला.

"मग दिशेला काय अर्थ राहिला, भाऊ?"

गणराजने तिला डोळ्यांनी खुणावले, की जाऊ दे. पण जाऊ देणे हे योगिनीला कधी जमलेच नव्हते. परभणीकडच्या गावात लहानपणी तिच्या तोंडी सतत "कशामुळं" असायचे. पुढे तिने डिप्लोमा केला, चाकणच्या एका कारखान्यात ब्रेकचे रबरी पाइप तपासण्याच्या कामाला लागली, आणि ज्या खोडीपायी मार खाल्ला त्याच खोडीचा तिला पगार मिळू लागला. पाइप फुटला, तर का फुटला? चीर होती. चीर का होती? असे विचारत विचारत मुळाशी जायचे, ही तिथली रीत. त्यांचे भीमराजसाहेब एकच गोष्ट चालू देत नसत. कोणी फळ्यावर "कामगार विसरला" असे कारण लिहिले, की ते हातानेच पुसत आणि म्हणत, "माणूस विसरतोच. तो विसरला तरी पाइप फुटणार नाही, असं आपण का केलं नव्हतं, ते लिहा."

रडणे तिचे चालूच होते. दूध आले होते, छाती दगडासारखी झाली होती, गोळ्या घेऊन ते आटवावे लागले. पण रडता रडताही ती विचार करत होती. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. मुलगी कशामुळे गेली, आणि मुलगी कशी होती.

दुसरी गोष्ट कोणालाही विचित्र वाटेल, पण बाळ तिला दाखवलेच नव्हते. "बघू नको, मग डोळ्यापुढून हलत नाही," असे बाहेर उभ्या असलेल्यांनी आपसात ठरवून टाकले होते. तिला कोणी विचारले नाही. गणराजला विचारले, तर तो खाली बघत म्हणाला, "मीही नाही पाहिलं. हातात दिलं तेव्हा गुंडाळलेलं होतं. कापड बाजूला करायचं धाडस झालं नाही." पाहिले होते ते फक्त जाईबाईंनी. नर्सने बाळ त्यांच्याच ओंजळीत दिले होते. आणि जाईबाई त्यावर एक शब्द बोलत नव्हत्या.

"त्ये इचारू नगं, पोरी. इसर आता," एवढेच.

जाईबाई म्हणजे घरमालकीण, मोशीच्या मूळच्या शेतकरी घरातली. शेत गेले, त्यावर बारा मजली सोसायटी उभी राहिली, आणि आलेल्या पैशातून त्यांचा नवरा कोंडीरामतात्या याने तीन मजले बांधून खोल्या भाड्याने दिल्या. तरी इमारतीच्या मागे, सोसायटीच्या भिंतीला टेकून, पत्र्याचा एक गोठा जाईबाईंनी मोडू दिला नव्हता. गोठ्यात एकच गाय, हरणी. भाडेकरू शेणाच्या वासाने नाक मुरडत, तात्या मच्छरांच्या नावाने बोटे मोडत; जाईबाई म्हणत, "तिचा वास येतो तर तुमच्या गाड्यांचा काय अत्तरावानी येतो?"

योगिनीवर त्यांचा विशेष जीव. स्वतःची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, आणि ही पोरगी कामावरून आली की गोठ्यात उकिडवी बसून नाना शंका काढणारी. गाय रवंथ का करते, शिंगं कापली तर दुखतात का. योगिनीला दिवस राहिले त्याच सुमारास हरणी बाजारातून गाभण अशीच आणलेली होती. जाईबाईंनी लगेच दोघींची जोडी लावून टाकली. "आधी ही मोकळी हुईल, मंग तू. हिचं दूध तुला. दोघींचं मीच करनार."

चौथा महिना चालू असताना योगिनी मावसबहिणीच्या लग्नाला परभणीला गेली. परत आली तर हरणी दूध देत होती आणि वासरू नव्हते.

"व्याली का मावशी? एवढ्या लवकर?"

"व्याली की. कालवड झाली. माझ्या भावाला दिली, देहूला. त्याला पाळायची हौस."

"एवढंसं वासरू दिलं? आईपासून तोडून?"

"तू दूध पी गप."

योगिनीला खरवसाची फार आशा होती. त्यावर जाईबाई म्हणाल्या, आमच्यात पोटुशीनं चिकाचं खात न्हाईत. मग रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, ती गोठ्याच्या दाराशी उभी राहायची आणि जाईबाई धार काढून तो कोमट, फेसाळ पेला तसाच तिच्या हातात द्यायच्या. बाकीचे दूध दोन घरी रतिबाला जायचे. तिथे ते चुलीवर चढायचे. धारोष्ण दुधाचा मान फक्त योगिनीचा. "उकळलं की ताकद उडून जाती," असे म्हणून त्या पेला रिकामा होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मिशी पुसायला पदराचे टोकही त्याच पुढे करायच्या.

सहाव्या महिन्यात योगिनीला ताप येऊ लागला. सकाळी काही नाही. संध्याकाळ झाली की अंग तापायचे, कंबर ठणकायची, मग एवढा घाम सुटायचा की कपडे पिळून काढावेत. दोनदा डेंग्यूची तपासणी झाली, काही निघाले नाही. साथ चालू आहे, असे सगळेच म्हणाले. नंतर एके दिवशी दुपारी, कारखान्यातच, डबा खाताना तिच्या लक्षात आले की सकाळपासून बाळ हललेले नाही.

त्यानंतरचे सांगायला नको.

पण ताप राहिला. बाळ गेले, सुवेर सरले, आणि ताप पुन्हा संध्याकाळचा हजर. गणराज तिला चिंचवडला ज्या डॉक्टर रश्मींनी बाळंतपण केले होते त्यांच्याकडेच घेऊन गेला. त्यांनी बराच वेळ नुसते ऐकले, मग विचारले, "घरी जनावर आहे?"

"घरमालकांची गाय आहे."

"दूध कसं पिता? तापवून?"

"बाकीचं तापवून. पण पोटुशी होते तेव्हा मी धारोष्ण प्यायचे. रोज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "ती गाय गाभडली होती का?"

"नाही. वासरू झालं तिला."

"तू पाहिलंस?"

तपासणीच्या कामात योगिनीला पहिल्या दिवशी शिकवले होते की जे पाहिले नाही त्यावर बरोबरची खूण करायची नाही. पाहिले नव्हते. सांगितले होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. एक जंतू असतो, तो गाईला शेवटच्या महिन्यांत गाभडवतो. नंतर गाय वरून धडधाकट दिसते, दूधही देते, आणि जंतू दुधातून उतरत राहतो. दूध उकळले की तो मरतो. कच्चे प्यायले तर माणसात येतो. ताप असाच संध्याकाळचा, घाम असाच, सांधे असेच दुखतात. आणि बाई गर्भार असेल, तर कधी कधी बाळापर्यंत पोचतो.

"मग माझं बाळ त्यानंच गेलं?"

"रक्त तपासू. निघालं तरी शंभर टक्के त्यानंच, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण ताप त्याच दिवसांतला आहे. मी तरी तेच कारण धरीन. आणि हे लक्षात ठेव, औषध घेतलं तर हे जातं. पुढच्या वेळी हे व्हायलाच पाहिजे असं नाही."

रक्तात जंतू निघाला.

गणराज एरवी शांत माणूस, भोसरीला प्रेसवर काम करणारा, आवाज चढवायचा तो फक्त मशीनच्या गोंगाटात. त्या दिवशी तो जिन्यातच ओरडायला लागला. "खोली सोडायची. आजच्या आज. त्या बाईला विचारतो मी, माझ्या बायकोला काय पाजत होती म्हणून."

योगिनीने त्याचा शर्ट मागून धरला. "आधी वासरू बघू."

"आता कसलं वासरू?"

"ते देहूला जिवंत असेल तर गाय गाभडली नाही. मग हे दुसरीकडून आलं. न बघता माल रिजेक्ट करत नाहीत."

"माल? योगिनी, अगं, आपली पोरगी होती ती."

"म्हणून तर."

रविवारी दोघे मोटरसायकलवरून देहूला गेले. जाईबाईंचा भाऊ सोनबा याचे घर नदीकडच्या आळीत, सगळे त्याला ओळखत होते. दारात त्याची बायको अंबुबाई शेंगा फोडत बसली होती. आम्ही मोशीहून, जाईमावशींकडून आलो, म्हटल्यावर तिने हसून जागा करून दिली.

"हरणीचं वासरू बघायला आलो," योगिनी म्हणाली. "मावशींनी तुम्हाला दिलेली कालवड."

"आमाला? बाई, आमच्यात आता जनावर म्हनशील तर ह्ये एकच उरलंय." तिने बाजेवर पसरलेल्या सोनबाकडे शेंगेचे टरफल भिरकावले. "गोठा पाडून खोल्या काढल्या तीन. भाविक उतरत्यात."

"ऐकू येतंय मला," सोनबा डोळे न उघडता म्हणाला.

"ऐका की. ऐकण्याबिगर दुसरं काम काय तुमाला." मग ती योगिनीकडे वळली आणि वळता वळताच तिचे हसू कमी होत गेले. "तू ती व्हय? वन्संकडं ऱ्हाती ती परभनीची? जिला दिवस…"

योगिनीने मान हलवली.

अंबुबाईने शेंगांचे सूप बाजूला सारले. "आता काय लपवायचं. गाभडली व्हती ती गाय. सातव्यात. वन्संचा फोन आलता, रडत व्हत्या. पोरगी गावाला गेलीया म्हनल्या, यायच्या आत सगळं सारवून ठेवते. तुमीबी कुनी तिच्याम्होरं त्यो शबुद काढू नका म्हनल्या. वासराचं कुनी पुसलं तर देहूला दिलं म्हना."

"पण का?"

"का म्हंजी? गर्भारशीच्या कानावर असलं घालत्यात व्हय? आमच्यात न्हाई सांगत."

"सांगितलं तर काय होतं?"

"मंग तिचंबी…" अंबुबाई बोलून गेली आणि पुढचे तिने पदराने तोंडात अडवले. बाजेवर सोनबा उठून बसला होता. जरा वेळाने त्यानेच आत जाऊन पाणी आणले.

परतताना वाटेत चिखली लागली. मग योगिनीने गणराजच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला उभी राहून ती फळ्यावर लिहावे तसे मोठ्याने बोलू लागली. बाळ का गेले, तर ताप. ताप का, तर कच्चे दूध. मला विचारावेसे का वाटले नाही, तर गाय व्याली असे मला सांगितले होते. खरे का सांगितले नाही, तर मी गर्भार होते, बाळाला काही होऊ नये म्हणून. साखळी फिरून तिच्या पोटाशीच येऊन थांबली. ज्याला जपायला म्हणून सगळे गप्प बसले, तेच त्या गप्प बसण्याने गेले.

"आता यात कोणाला धरू?" तिने विचारले.

गणराजचा राग देहूतच कुठेतरी गळून पडला होता. "कोणालाच नको. गुपचूप खोली बदलू. म्हातारीला कळलं तर ती मरून जाईल."

"आणि तिचा ताप?"

हे योगिनीला आठवडाभर दिसत होते. ऐन उन्हाळ्यात जाईबाई तिन्हीसांजेला शाल घेऊन ओट्यावर बसत. वाताचं दुखणं, म्हणत. सकाळी दोरीवर त्यांचे चोळी-पातळ वाळत असे, आणि अंघोळ व्हायच्या आधी ते कशाला बदलावे लागले हे योगिनीला आता विचारायची गरज नव्हती. हरणीचे ते मेलेले वासरू, ती वार, सगळे त्यांनी उघड्या हातांनीच काढले असणार.

भीमराजसाहेब जे रोज सांगत ते तिला तोंडपाठ होते. माणसाला कारण धरायचे नाही. पाइपाच्या बाबतीत ते सोपे होते. त्या रात्री जाईबाईंचा तो पेला पुढे करणारा हात राहून राहून तिच्या डोळ्यांपुढे यायचा. मग शालीत आखडून बसलेल्या त्याच जाईबाई दिसायच्या. दोन्ही एकाच बाईच्या अंगी होते, त्याला ती काय करणार?

सोमवारी ती कामावर गेली नाही. सकाळीच गोठ्यात गेली आणि पालथ्या बादलीवर बसली. जाईबाई हरणीची कास धूत होत्या.

"मावशी, काल देहूला गेलो होतो."

हात थांबले.

"वासरू बघायला."

जाईबाईंनी गाईच्या पोटाला टेकवलेले डोके तसेच ठेवले. योगिनीने मग सगळे सांगितले. डॉक्टरांनी सांगितले तसे, पुढचे पुढे, मागचे मागे, काही न वगळता. मध्येच हरणीने शेपूट मारले ते जाईबाईंच्या तोंडावर बसले, तरी त्या हलल्या नाहीत.

"म्हंजी मीच पाजलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. तुम्ही पाजलं आणि मी प्याले. आपल्याला दोघींनाही माहीत नव्हतं."

"मला म्हाईत व्हतं."

"गाभडल्याचं. दुधाचं नाही."

"ह्ये म्हनले व्हते, वतून टाक ते दूध, कसलं हाय कुनाला ठावं. मी म्हनलं, गाईचं दूध कुनी वततं व्हय. पोरीच्या अंगी लागंल." त्यांनी कासेवरचा हात काढून लुगड्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "आता माझ्या तोंडाकडं बघवंल का तुला?"

योगिनीने खोटे बोलायचा विचार केला. या घरात खोटे बरेच बोलून झाले होते.

"आज नाही बघवत, मावशी. उद्याचं माहीत नाही. पण तुम्हाला जो ताप येतो ना, तो तोच आहे. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

जाईबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. दार लोटून आत बसून राहिल्या. कोंडीरामतात्या, जो भाडे मागायलासुद्धा कधी वर येत नसे, तो गुडघे धरत जिना चढून आला. "जेवत न्हाई ती. औषीद नगं म्हनती. म्हनती, येऊ दे मला ताप, मला आलाच पायजे. तूच बघ आता. माझं चाळीस वर्सांत एक ऐकल्यालं न्हाई, आता काय ऐकनार."

योगिनी खाली गेली. राग तिला तेव्हा खरा आला, सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मावशी, तुम्ही तापानं फणफणलात तर माझी मुलगी परत येते का?"

भिंतीकडे तोंड करून निजलेल्या जाईबाईंनी शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"येत असेल तर सांगा. मीही गोळ्या बंद करते. दोघी मिळून फणफणू. आजपासूनच."

"तू कशापायी बंद करतीस?" जाईबाई उठून बसल्या. "खुळी का काय? तुला अजून लेकरं व्हायचीत."

"मग चला."

अशा रीतीने जाईबाईंचेही औषध योगिनीच्या बरोबरीने चालू झाले. गोळ्या त्याच, दीड महिन्याच्या. त्यातल्या एकीने लघवी लाल होते हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण जाईबाईंनी ते ऐकले नसावे. पहिल्याच सकाळी त्या न्हाणीतून हाका मारत बाहेर आल्या की मी आता चालले. योगिनीला हसू आले. हसू आले याचेच तिला मग आश्चर्य वाटले, आणि हसत असतानाच तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

हरणीलाही तपासायला जनावरांचे डॉक्टर आले, तिच्यातही तेच निघाले. तात्या म्हणाला, बाजार दाखवू. जाईबाई म्हणाल्या, "अशीच कुनीतरी आमच्या गळ्यात मारली व्हती, आता आमी दुसऱ्याच्या मारायची? ऱ्हाऊ दे हितंच. दूध आटवा." रतिबाच्या दोन्ही घरी त्या स्वतः गेल्या आणि गाय गाभडली होती हे दारात उभ्या राहून सांगून आल्या. त्यातल्या एका घरची सून पोटुशी होती. सासूने कानांवर हात ठेवले. जाईबाई म्हणाल्या, "कानावरचा हात काढ आन् सुनेला ऐकू दे. उकळून घेत व्हता ना दूध? मंग झालं. पन रगत तपासून घ्या तिचं."

पुन्हा दाखवायला दोघी चिंचवडला गेल्या, तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. बाकावर शेजारी शेजारी बसल्या. समोर एक बाई नुकतेच झालेले बाळ घेऊन बसली होती. योगिनीने मान दुसरीकडे वळवली नाही. ती बघत राहिली, आणि जाईबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तू इचारलं व्हतंस," जाईबाई म्हणाल्या. "कशी व्हती म्हनून."

योगिनी त्यांच्याकडे वळली.

"केस लई व्हते. काळेभोर, वल्ले, कपाळावर चिकटल्याले. नाक गणराजवानी, फताडं." त्या थांबल्या. "रागावू नगंस, फताडंच व्हतं. ओठ तुझे. झोपल्यावानी दिसत व्हती, पन तोंड असं, जनू काय बोलायला निघाली आन् राहून ग्येलं."

"रंग?"

"सावळी. मी दुपट्यात घेतली तवा हात बाहेर आला. त्यो मी आत घातला. बोटं लांब."

"माझ्यासारखी?"

"व्हय. आन् एक व्हतं." जाईबाईंनी आपलेच बोट योगिनीच्या कानाशी आणले, कान जिथे वरच्या बाजूला गालाला येऊन मिळतो तिथे टेकवले. "हितं बारीक भोक. सुईच्या टोकाएवढं, जल्मताच असतंय तसलं. उजव्या कानाला. तुला न्हाई, मी मागनं बघितलं. गणराजला हाय का न्हाई, त्ये म्या कसं बघू?"

नंबर पुकारला, तसा दोघींना उठावे लागले.

संध्याकाळी गणराज पहिल्या पाळीवरून आला. डबा हातातून खाली ठेवतो न ठेवतो तोच योगिनीने त्याला खिडकीशी खुर्चीवर बसवले आणि कारखान्यात पाइपाच्या आत बघायला वापरतात तसली छोटी बॅटरी लावून त्याचा कान ओढला.

"काय करतेस? दुखतंय."

"हलू नका."

उजवा पाहिला. डावा पाहिला. मग पुन्हा उजवा. सहा वर्षांच्या संसारात तिने हे कान इतके जवळून कधी पाहिले नव्हते. काही नव्हते. तिने त्याला समोर उभे राहून सगळे सांगितले. केस, नाक, ओठ, हात, बोटे. गणराज ऐकत होता आणि नाकाचे आले तेव्हा त्याने नकळत आपल्या नाकाला हात लावला.

"तुम्हाला नाही, मला नाही," योगिनी म्हणाली. "मग कोणाकडून आलं?"

"आमच्याकडं कोणालातरी असेल." त्याने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. "थांब, आईला विचारू."

फोन लागला, तसा योगिनीनेच तो हातात घेतला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सासूबाईंना आधी काही कळेचना. कान कसला, कोणाचा कान, आता या वेळी? मग कळले, आणि पलीकडच्या शिट्ट्या बंद झाल्या. योगिनीला वाटले, आता म्हणतील, की जाऊ दे, कशाला काढतेस. तसे म्हणायला त्यांनी सुरुवात केलीही. पण मध्येच थांबल्या.

"उजवाच का ग?" त्यांनी विचारले.

"उजवाच."

"मग ह्यांच्या थोरल्या आत्याचं आहे ते. तिला होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जिवंत होती, डोकं विंचरताना पाहिलेलं आहे मी."

"कशा होत्या त्या?" योगिनीने विचारले, आणि फोन कानाशी घट्ट धरून जमिनीवर मांडी घालून बसली.